फास्ट म्हणजे नक्की काय? (ॲसिड फास्ट, फास्टिंग आणि आमची ८:१२)

चाळकरी_तिसरा_मजला · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, आज घरी जे झालं ते आधी सांगतो, प्रश्न मग विचारतो.

आईला (वय ७४) तीन आठवडे खोकला. डॉक्टरांनी रक्त आणि थुंकी दोन्ही तपासायला सांगितलं. रिपोर्ट संध्याकाळी आला तेव्हा मी गाडीत, बायको क्लासला. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती पाकीट घेऊन पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे गेली. काका निवृत्त हेडक्लार्क, चाळीतली सगळी इंग्रजी पत्रं तेच वाचतात. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि निकाल दिला, "वहिनी, तुमचं ॲसिड फास्ट झालंय. आणि पुढे लिहिलंय नॉट सीन, म्हणजे अजून कुणी बघितलेलंच नाही."

मग काय. घाटकोपर ते दादर एवढ्यात मला सहा मिस्ड कॉल. घरी पोचलो तर आई चहा सोडून थंड दूध पीत भिंतीला टेकून बसलेली, आजूबाजूला चार बायका. मी कागद बघितला, 'ॲसिड फास्ट बॅसिलाय, नॉट सीन'. म्हटलं, अगं टीबीचे जंतू दिसले नाहीत असं लिहिलंय. त्यातला 'टीबी' एवढाच शब्द चौघींनी ऐकला. पुढच्या अर्ध्या तासाचं काही विचारू नका.

आता प्रश्न. त्याच फाईलमध्ये दुसऱ्या पानावर 'शुगर, फास्टिंग'. तिथे फास्ट म्हणजे उपाशीपोटी. मी रोज सकाळी दादरहून ठाण्याला जायला ८:१२ ची फास्ट धरतो, तिथे फास्ट म्हणजे जलद. मग ॲसिड फास्ट म्हणजे काय? ते जलदही नाही आणि उपाशीही नाही. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे? की तीन वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजांनी स्पेलिंगात काटकसर केली?

टिळकब्रिज · शनिवार, रात्री १०:५२

"अजून कुणी बघितलेलंच नाही" हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकांना साष्टांग नमस्कार. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या नाहीत तर नॉट सीनच की!

काडेपेटी · शनिवार, रात्री ११:०५

फास्ट म्हणजे उपास आणि फस्त म्हणजे ताट साफ. एका कान्याचा फरक. आमच्या घरी एकादशीला दोन्ही एकदम होतं.

लॅबवाली_मावशी · शनिवार, रात्री ११:३८

काकांना सांगा, बघितलंय. चांगलं शंभर वेळा बघितलंय. थुंकीच्या काचपट्टीवर मायक्रोस्कोपखाली शंभर जागा तपासल्याशिवाय आम्ही 'नॉट सीन' लिहीत नाही. मान अवघडते, डोळे चुरचुरतात, आणि वर लोक म्हणतात कुणी बघितलंच नाही!

आता ॲसिड फास्ट. बावीस वर्षं हेच काम करतेय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. थुंकी काचेवर पसरून वाळवतात आणि तिच्यावर कार्बोल फ्युक्सिन नावाचा रंग ओततात. गडद लाल-गुलाबी असतो, बोटाला लागला तर दोन दिवस जात नाही. काच खालून तापवतात, उकळू द्यायचं नाही, नुसती वाफ दिसली पाहिजे. मग धुऊन तिच्यावर ॲसिड ओततात. इथे गंमत आहे. काचेवरच्या बाकी सगळ्यांचा लाल रंग ॲसिडने उतरतो. टीबीच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या भिंतीत मेणासारखे पदार्थ असतात, आत गेलेला रंग ती सोडत नाही. शेवटी निळा रंग देतात. मग निळ्या पाटीवर बारीक लाल काड्या दिसल्या की समजायचं, सापडला. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला हा जंतू जगापुढे आणला, म्हणून २४ मार्चला क्षयरोग दिन असतो. वर सांगितलेल्या पद्धतीला मात्र झील आणि नीलसन या दोघांचं नाव आहे.

तर ॲसिड फास्ट म्हणजे ॲसिडलाही न जाणारा. पक्का. चाळकरी, तुमच्या आईला त्या काड्या दिसल्या नाहीत, हे उत्तम झालं. पण खोकला तीन आठवडे असेल तर डॉक्टर सांगतील ते पुढचं नीट करा. मी डॉक्टर नाही.

चाळकरी_तिसरा_मजला · शनिवार, रात्री ११:५१

मावशी, दंडवत. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग पक्का लिहायला काय झालं होतं?"

जुना_रंगारी · रविवार, सकाळी ६:१५

लॅबवाली ताई, तुमची काच म्हणजे आमचंच खातं की. मी परळला गिरणीत रंगखात्यात होतो, १९८२ च्या संपापर्यंत. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि आमच्यासारख्या पुष्कळांचं रंगखातं तिथेच संपलं. असो.

आमच्याकडे फास्ट म्हणजे वेग नव्हेच. फास्ट कलर म्हणजे पक्का रंग. नुसतं फास्ट म्हणून भागायचं नाही, कशाला फास्ट ते विचारायचं. धुण्याला फास्ट, उन्हाला फास्ट, घामाला फास्ट, घासण्याला फास्ट. रंगवलेल्या कापडाचा तुकडा पांढऱ्या कापडाला शिवायचा, साबणाच्या गरम पाण्यात घुसळायचा आणि पांढऱ्याला किती डाग लागला ते करड्या पट्टीशी लावून बघायचं. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे वाट लागली. उन्हाची पट्टी वेगळी, निळ्या लोकरीची, तिच्यात १ ते ८. उन्हाला ७ असलेलं कापड धुण्याला ३ निघू शकतं. गिऱ्हाइकाला हे कळत नाही, ते दुकानदाराला विचारतं "रंग पक्का ना?" आणि तो म्हणतो "एकदम."

अजून एक सांगतो. छपाईचे काही रंग यायचे, त्यांचं नावच 'रॅपिड फास्ट'. आमच्यातला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणायचा, साहेब दोनदा का लिहितोय, रॅपिड म्हणजे पण फास्ट आणि फास्ट म्हणजे पण फास्ट. अरे बाबा, रॅपिड म्हणजे झटपट चढणारा आणि फास्ट म्हणजे न उतरणारा. लवकर येतो, उशिरा जातो. आमचे एक पाहुणे असेच होते.

टिळकब्रिज · रविवार, सकाळी ८:३०

'रॅपिड फास्ट पाहुणे' वहीत लिहून ठेवलं.

शब्दखोदू · रविवार, सकाळी ९:१०

मूळ प्रश्नाकडे. तीन वेगळे शब्द नाहीत, एकच आहे. आणि रंगारीकाकांचा अर्थ सगळ्यात जुना आहे.

जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं. दार फास्ट म्हणजे दार घट्ट बंद. फास्ट फ्रेंड म्हणजे जिवलग, पक्का दोस्त, पटकन झालेला नव्हे. स्टेडफास्ट म्हणजे आपल्या जागेवर ठाम. 'फासन युवर सीटबेल्ट' मधलं फासन हे त्याच फास्टचं क्रियापद, शाळेत ज्यातला टी गिळायला शिकवतात ते. आणि फास्ट अस्लीप! माणूस झोपेत वेगात कसा असेल? तो झोपेला घट्ट चिकटलेला असतो.

मग वेग आला कुठून? 'घट्ट'वरून 'नेटाने, जोर लावून' असा अर्थ आधीपासून होताच. फास्ट धरणं, फास्ट लढणं. तेच नेटाने पळण्याला लागलं. नेटाने पळणारा अर्थातच वेगात पळतो, आणि हळूहळू ऐकणाऱ्याच्या कानात नेट मागे पडून वेग तेवढा उरला. हे सगळं मध्ययुगात घडलं. आज वेगाचा अर्थ मालक होऊन बसलाय आणि जुना मालक दाराशी, फासन आणि स्टेडफास्टमध्ये.

उपासाचा अर्थही घट्टचाच. व्रत घट्ट धरणं, नियम पाळणं. गॉथिक ही इंग्रजीची लांबची, आता बोलली न जाणारी बहीण. तिच्यात 'फास्तान' म्हणजे राखणं, पाळणं, आणि उपास करणंसुद्धा. म्हणजे चाळकरींच्या फाईलमधली दोन्ही पानं एकाच घरची.

मावळतीकर · रविवार, सकाळी ९:४४

पटलं नाही. घट्टपासून वेग म्हणजे उलटं टोक झालं. जे घट्ट आहे ते हलत नाही, जे वेगात आहे ते थांबत नाही. व्युत्पत्तीवाले कशावरूनही काहीही सिद्ध करतात. उपासाचा फास्ट हा फीस्टवरून आला असणार. सण आला की उपास आलाच.

शब्दखोदू · रविवार, सकाळी ९:५८

फीस्ट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा फास्टशी काही संबंध नाही.

काळाघोडा_जर्मन · रविवार, सकाळी १०:२०

मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकताना मीही याच खड्ड्यात पडले होते. जर्मनमध्ये 'फेस्ट' म्हणजे घट्ट आणि 'फेस्ट' म्हणजे सणही. दिसायला एक, पण घट्टवाला फेस्ट इंग्रजी फास्टचा सख्खा भाऊ आणि सणवाला लॅटिनहून आलेला पाहुणा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, सणाचं पहिलं अक्षर मोठं लिही, गोंधळ होणार नाही. परीक्षेत झालाच.

मास्तरीणबाई · रविवार, सकाळी ११:०२

मावळतीकर, उलटं टोक वाटतंय ते इंग्रजीत बघताय म्हणून. मराठीत बघा. 'जोर' म्हणजे बळ, फारसीतून आलेला शब्द. 'दोरी जोरात ओढ' म्हणजे बळ लावून. 'जोरात पळ' म्हणजे? वेगात. आणि 'जोरात बोल' म्हणजे मोठ्याने. एकाच शब्दात बळ, वेग आणि आवाज. आपल्याला कधी अडलं का? पळताना लावलेला जोर वेगातच दिसतो. इंग्रजांच्या फास्टचं हेच झालं.

उलट अर्थांचंही नवल नको. आपण 'परवा' म्हणतो तेव्हा होऊन गेलेला की येणारा? बांगडी वाढली म्हणजे मोठी झाली का? दुकानदार दुकान वाढवतो म्हणजे शटर ओढतो. निघताना म्हणतो 'येतो'.

मावळतीकर · रविवार, सकाळी ११:१५

'जोरात' पटलं. बाकीचं राखून ठेवतो.

वेदप्रेमी · रविवार, दुपारी १२:०५

सगळे इंग्रजीच्या मागे लागलात. वैदिक संस्कृतात 'पस्त्य' हा शब्द आहे, अर्थ घर, निवास. पक्कं, स्थिर ठिकाण. त्यावरूनच फास्ट. मूळ आपलंच.

शब्दखोदू · रविवार, दुपारी १२:३०

पस्त्य आणि फास्ट यांचं नातं अभ्यासक जोडतात, हे खरं. पण नातं चुलत भावाचं, बापलेकाचं नव्हे. दोघांचा आजोबा एक असेल. आपल्या पितृचं इंग्रजीत फादर, पाद चं फूट, तसा प चा फ झालेला. त्यांनी आपल्याकडून उचलला नाही, आपण त्यांच्याकडून नाही.

काडेपेटी · रविवार, दुपारी १२:४१

पस्त्याहून आठवलं, दुपारचं जेवण झालं का सगळ्यांचं?

सातबावन्न_डोंबिवली · रविवार, दुपारी ३:१०

इतका वेळ गाडी कुणी आणली नाही म्हणजे कमाल आहे.

स्टेशनवर मराठीत घोषणा होते 'जलद लोकल'. हा जलद फारसी घराण्यातला. पण संस्कृतात जलद म्हणजे जल देणारा, ढग! म्हणजे जुलै महिन्यात काय होतं? जलद आला की जलद बंद. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कुर्ल्याला अडकलो होतो. संध्याकाळची फास्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच. शब्दखोदूंच्या हिशेबाने त्या दिवशी ती गाडी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने फास्ट होती. जागची हलली नाही.

आणि सकाळच्या गर्दीत आत शिरल्यावर आम्हीही फास्ट असतो. हात वर तर वर, ठाण्यापर्यंत खाली येत नाही. एकदा माझी डबा ठेवलेली पिशवी दोन माणसांच्या मधे अशी अडकली की मी दादरला उतरलो, पिशवी पुढे गेली. पट्टा माझ्या हातात.

टिळकब्रिज · रविवार, दुपारी ३:२५

डब्यात काय होतं?

सातबावन्न_डोंबिवली · रविवार, दुपारी ३:३१

वांग्याचं भरीत. फार दुखलं नाही.

भाऊचा_धक्का · रविवार, संध्याकाळी ५:४५

माझे वडील गोदीत होते. इंदिरा गोदीला, जिला ते शेवटपर्यंत अलेक्झांड्राच म्हणायचे. तिकडे फास्ट शब्दाला वेगाचा वाससुद्धा नाही. बोट धक्क्याला आली की वरून 'मेक फास्ट!' अशी आरोळी. म्हणजे दोर बोलार्डला, धक्क्यावरच्या खुंटाला, आवळा. नवीन पोरगा असेल तर त्याला वाटायचं साहेब घाई करायला सांगतोय, तो दोर घेऊन धावत सुटायचा आणि शिव्या खायचा. पुढचे, मागचे सगळे दोर आवळून बोट थांबली की वहीत वेळ लिहायची, 'ऑल फास्ट', अमुक वाजून अमुक मिनिटं. म्हणजे जहाज पूर्ण थांबल्याची नोंद! अजूनही तेच लिहितात. वडिलांची एक जुनी डायरी आहे माझ्याकडे, पानापानावर ऑल फास्ट, ऑल फास्ट. लहानपणी मला वाटायचं, बाबांचं काम किती धावपळीचं.

जुना_रंगारी · रविवार, संध्याकाळी ६:२०

भाऊ, हे छान लिहिलंत. डायरी जपा.

गडवेडी · रविवार, संध्याकाळी ७:००

इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांना 'फास्टनेस' म्हटलेलं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. पहिल्यांदा वाटलं, मावळे वेगात चढायचे त्याचं कौतुक असेल. नाही, फास्टनेस म्हणजे घट्ट, न भेदता येणारी जागा, गड. आपला 'दुर्ग' तर त्याहून नेमका, दुर् अधिक ग, जिथे जाणंच कठीण. रविवारी कल्याण दरवाजाने सिंहगड चढताना मला हा अर्थ गुडघ्यांनी समजावला.

उपासाची_भाजी · रविवार, रात्री ८:१५

उपासाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. उपवास म्हणजे उप अधिक वस्, जवळ राहणं. यज्ञाच्या आदल्या रात्री अग्नीजवळ, देवाजवळ राहायचं. न खाणं त्यातूनच आलं. उपोषण हा शब्दही त्याच वस् पासूनचा. आणि उपासना म्हणजे उप अधिक आस्, जवळ बसणं. म्हणजे इंग्रजांचा उपास घट्ट धरण्याचा आणि आपला जवळ राहण्याचा. मला आपला जास्त आवडतो.

काडेपेटी · रविवार, रात्री ८:२२

आपला फ्रीजजवळ राहण्याचा. एकादशी, दुप्पट खाशी.

सातबावन्न_डोंबिवली · रविवार, रात्री ८:४०

उपासाच्या ताटात बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका. पाचही अमेरिका खंडातले, पोर्तुगीज यायच्या आधी आपल्याकडे नव्हतेच. ज्ञानेश्वरांच्या काळात उपासाला खिचडी नव्हती. आणि कांदा-लसूण इतका जुना, त्याला मात्र बंदी.

उपासाची_भाजी · रविवार, रात्री ८:५५

म्हणून काय, मी उद्यापासून वरी खायची बंद करू? वरी आणि राजगिरा विसरलात.

वेदप्रेमी · रविवार, रात्री ९:०५

राजगिराही अमेरिकेतलाच म्हणतात.

उपासाची_भाजी · रविवार, रात्री ९:०७

तुम्ही पण? सकाळी सगळं आपलंच होतं ना?

संपादक_मंडळ · रविवार, रात्री ९:३०

उपासाला काय चालतं यावर चार जुने धागे आहेत, चारही कुलूपबंद. कृपया फास्टवर या.

इराणी_चहा · रविवार, रात्री १०:००

येतो. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रीचा उपास मोडणं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपली न्याहारी? अरबीत नहार म्हणजे दिवस, त्यावरून सकाळचं खाणं, असं एक मत. दुसरं मत फारसीकडे बोट दाखवतं. तिथे नाहार म्हणजे उपाशीपोट. हे खरं धरलं तर न्याहारी आणि ब्रेकफास्ट एकाच कल्पनेवर उभे आहेत. गंमत म्हणजे आज इराणमध्ये नाहार म्हणजे दुपारचं जेवण. माझं मत दुसऱ्याला. कारण एवढंच की बनमस्का समोर आला की मी उपाशी असतो, दिवस कुठला ते बघत नाही.

निवृत्त_प्राध्यापिका · सोमवार, सकाळी ७:३५

एक अर्थ सगळ्यांनी शिताफीने टाळला. १९७० च्या आसपास आमच्या कॉलेजात बिनबाह्यांचं ब्लाऊज घालणारी, मुलांशी हसून बोलणारी मुलगी 'फार फास्ट' असायची. हा अर्थही इंग्रजीतून आला, तिथे 'फास्ट' आयुष्य म्हणजे उधळं, बेबंद. तिकडे तो पुरुषांनाही लावत. आपण आयात करताना मुलींपुरताच आणला. मी स्वतः त्या यादीत होते, कारण मी स्कूटर चालवायची. तीही ताशी तीसने.

मास्तरीणबाई · सोमवार, सकाळी ७:५०

मॅडम, आमच्या वेळी 'फॉरवर्ड' म्हणायचे. दिशा बदलली, बाकी तेच.

टिळकब्रिज · सोमवार, सकाळी ९:१५

घड्याळाचा फास्ट राहिला. आजोबांच्या घड्याळाला लोक 'स्लो' म्हणायचे तेव्हा ते म्हणत, स्लो नाही, मुंबई टाइम आहे. मुंबईची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे प्रमाणवेळ लावणारा माणूस मुंबईत ३९ मिनिटं फास्ट. आता सगळे फास्ट आहेत आणि सगळे ३९ मिनिटं उशिरा पोचतात.

ऐरोली_ब्रिज · सोमवार, दुपारी १:४०

फास्टॅग! काचेला घट्ट चिकटवायचा, एकदा चिकटला की निघत नाही, आणि त्याच्यावर टोल नाका वेगात पार करायचा. एकाच स्टिकरात शब्दखोदूंचे दोन्ही अर्थ. त्यात पैसे संपले की तिसरा, उपास. मुंबईच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला तरी माझा काचेवर आहे तसाच. नखाने काढायला गेलो, अर्धा निघाला.

जुना_रंगारी · सोमवार, दुपारी २:०५

घासण्याला फास्ट. ५ पैकी ५.

मावळतीकर · सोमवार, दुपारी ३:३०

बरं, रात्रभर विचार केला. हार मानतो. फास्ट बोलर मात्र मला अजूनही 'घट्ट' वाटत नाही. शिवाजी पार्कला आमचा एक होता, त्याचा कुठलाच चेंडू टप्प्यावर घट्ट पडायचा नाही.

चाळकरी_तिसरा_मजला · मंगळवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईचा खोकला बराच कमी आहे, डॉक्टरांनी छातीचा एक्सरे काढून घेतला, तोही ठीक आला. हा रिपोर्ट काकांकडे जाऊ दिला नाही. रोज रात्री तिला धागा वाचून दाखवतोय. रंगारीकाका आणि गोदीवाल्या भाऊंची डायरी तिला फार आवडली. राजगिऱ्याचं मात्र ती मानायला तयार नाही.

आज संध्याकाळची गोष्ट. बहिणीने आईला सुती साडी पाठवली, पदराला पुठ्ठ्याचं लेबल. गॅलरीत सगळ्या बायका बघत होत्या, काकाही आले. लेबल उलटंपालटं करून वाचलं आणि म्हणाले, "कलर फास्ट. वहिनी, जपून वापरा, हिचा रंग लवकर जाणार."

आई म्हणाली, "नाही हो भावजी. फास्ट म्हणजे ॲसिडने पण जात नाही. शंभर वेळा बघून लिहितात ते."

काका अजून गॅलरीत उभे आहेत.

लॅबवाली_मावशी · मंगळवार, रात्री ९:३४

आईंना आमच्याकडे पाठवा. एक जागा रिकामी आहे.

जुना_रंगारी · बुधवार, सकाळी ६:१०

वहिनींना नमस्कार सांगा. पण पहिल्या धुण्याला साडी वेगळी भिजवा, पांढऱ्या कपड्यांत टाकू नका. लेबलावर काय, छापणारा काहीही छापतो.